एका कान्याचा फरक : जर्मनीच्या सरकारला खुलं पत्र

प्रति,
मा. चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्त्स,
मा. परराष्ट्रमंत्री योहान वाडेफुल,
आणि जर्मन संघीय सरकारच्या वतीने बोलणारे सर्व प्रवक्ते,
बर्लिन.

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात जर्मन शिकवते. या कामाला २६ वर्षं झाली. माझ्या वर्गाच्या भिंतीवर तुमच्या देशाचा नकाशा आहे आणि ज्या ज्या गावी माझे विद्यार्थी गेले तिथे तिथे आम्ही टाचणी लावतो. स्टुटगार्टभोवती टाचण्यांची इतकी दाटी झाली आहे की गावाचं नाव दिसत नाही. पूर्वी फक्त इंजिनिअर यायचे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून नर्सिंगच्या मुली आणि आयटीआय झालेली मुलंही विचारायला येऊ लागली. तुमच्या भाषेवर माझं घर चाललं. त्याहून खरं सांगायचं तर तुमची भाषा मला फार आवडते, आणि आवडत्या माणसाचा आवाज बदलला की जसं पटकन कळतं, तसं तुमच्या सरकारचं बोलणं ऐकताना गेली दोन-अडीच वर्षं मला होतं आहे.

हे पत्र मी जर्मनमध्येही पाठवते आहे. आधी मराठीत लिहिलं, कारण मला जे खुपतं आहे ते मराठीत विचार करताना नीट सापडलं. शिवाय ज्यांची मुलं तुमच्याकडे राहायला येणार आहेत त्या आईबापांनीही ते वाचावं असं वाटतं.

विषय एवढाच आहे : तुमचा मित्र देश इस्रायल युद्धात आहे, आणि त्या युद्धाबद्दल तुम्ही ज्या तऱ्हेने बोलता.

आमच्याकडे मुलं शाळेत तीन प्रयोग शिकतात, कर्तरी, कर्मणी आणि भावे. तुमच्याकडे दोनच. त्यांची तुमच्या जुन्या शालेय पुस्तकांतली नावं मी मुलांना मुद्दाम सांगते. कर्तरीला ‘टाटफॉर्म’ म्हणतात, म्हणजे कृत्याचं रूप. कर्मणीला ‘लायडेफॉर्म’, म्हणजे सोसण्याचं रूप. इतकी नेमकी नावं आमच्या व्याकरणातही नाहीत. कृत्य करणारा एका वाक्यात, सोसणारा दुसऱ्यात. आणि लायडेफॉर्म कधी वापरायचा याचा नियम पुस्तकात असा असतो : कर्ता माहीत नसेल, किंवा कर्ता महत्त्वाचा नसेल, तेव्हा.

मराठीत हीच गोष्ट एका कान्यावर चालते. घर पडलं, घर पाडलं. मरणं, मारणं. काना लागला की ऐकणारा लगेच विचारतो, कोणी? आणि त्याचं उत्तर ‘ने’ लावून द्यावं लागतं. अमक्याने पाडलं. तमक्याने मारलं. कान्याशिवाय बोललं तर तो प्रश्नच उठत नाही. पावसाने भिंत खचावी, वयाने माणूस जावा, तसं ते वाक्य होतं.

गेल्या वर्षी बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, वर्गात मी मुलांना जर्मन बातम्यांतून कर्मणी वाक्यं शोधून आणायला सांगितली होती. लातूरकडची एक मुलगी, जी आता तुमच्याकडच्या एका वृद्धाश्रमात काम करते, वहीत दोन रकाने आखून आली. एका रकान्यात युक्रेनबद्दलचे शब्दप्रयोग, दुसऱ्यात गाझाबद्दलचे. पहिल्यात सगळ्यात वर होतं, ‘युक्रेनविरुद्धचं रशियाचं आक्रमक युद्ध’. तुमच्या मंत्र्यांपासून प्रवक्त्यांपर्यंत सगळे हे तीन-चार शब्द एका दमात, नेहमी एकत्र बोलतात. युद्ध कोणाचं, कोणावर आणि कसलं, हे त्या नावातच आलं आहे. दुसऱ्या रकान्यात सगळ्यात वर होतं, ‘गाझातली मानवतावादी परिस्थिती’. परिस्थिती बिकट आहे, परिस्थिती असह्य आहे, परिस्थितीत सुधारणा झाली पाहिजे. त्या मुलीने मला विचारलं, “मॅम, परिस्थिती कोणी केली?”

मी तिला व्याकरणाचं उत्तर दिलं. खरं उत्तर तुम्ही द्यायचं आहे, म्हणून हे पत्र.

पुढे जाण्याआधी मी कोण आणि कुठून बोलते हे सांगायला हवं, कारण अशा विषयावर तुमच्याकडे पहिली शंका माणसाच्या हेतूची येते. माझ्या आईची अलिबागची शाळासोबतीण बेने इस्रायल होती. आमच्या कोकणातले हे ज्यू शेकडो वर्षांपासून मराठी बोलतात. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी त्यांची आडनावं आहेत. आमच्या देशात त्यांना ज्यू म्हणून कोणी मारलं नाही, याचा मला अभिमान आहे. तरीही इस्रायल झाल्यावर पुष्कळजण तिकडे गेले, कारण ते त्यांच्या प्रार्थनेतलं गाव होतं. आईची मैत्रीणही लग्नानंतर गेली. मी तिला मावशी म्हणते. ती अश्दोदला राहते, मलिदा करते आणि माझ्याशी अजून अलिबागच्या मराठीत बोलते.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १,२०० माणसं मारली आणि २५० च्या आसपास माणसं पकडून नेली. पाहा, या वाक्यात कर्ता आहे. हे वाक्य असंच लिहिलं पाहिजे आणि तुम्हीही ते असंच लिहिलं. त्या दिवशी मावशीचा फोन लागेना तेव्हा माझी आई देवासमोर बसून होती. त्यामुळे इस्रायलमधल्या माणसांच्या जिवाची मला पर्वा नाही असं कृपया समजू नका. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रं येत होती तेव्हा मी मावशीला रोज फोन करत होते. त्यांची इमारत जुनी, घरात सुरक्षित खोली नाही. “सायरन वाजला की जिन्याखाली बसतो गो,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “तिकडच्या बायकांना जिनासुदिक नाय उरलेला.” ‘तिकडच्या’ म्हणजे कुठल्या, हे मी विचारलं नाही. अश्दोदपासून गाझा फार लांब नाही.

आता तुमच्या इतिहासाबद्दल. तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण एका शिक्षिकेला त्यात जे दिसतं ते सांगते.

२७ सप्टेंबर १९५१ ला तुमचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर संसदेत बोलले. जर्मनीने इस्रायलला आणि ज्यूंना भरपाई द्यायची वाट त्या भाषणाने मोकळी केली आणि पुढच्या वर्षी लक्झेंबर्गला करार झाला. मोठं काम होतं ते, आणि तेव्हा जर्मनीत पुष्कळांना ते नकोही होतं. पण त्या भाषणातलं मुख्य वाक्य पाहा : जर्मन जनतेच्या नावाने अवर्णनीय गुन्हे केले गेले आहेत. केले गेले आहेत. कोणी केले ते नाही. जनता वाक्यात आहे, पण तिचं फक्त नाव वापरलं गेलं आहे, हात नाही. मी हे वाक्य वरच्या वर्गाला नेहमी देते आणि विचारते, याचं टाटफॉर्म करा. मुलं अडखळतात, कारण कर्ता कोणता घालायचा ते वाक्यात कुठेच सापडत नाही.

तिथून तुमचा देश कर्त्यापर्यंत यायला चाळीसेक वर्षं लागली. ८ मे १९८५ ला राष्ट्राध्यक्ष रिशार्ड फॉन व्हायत्सेकर यांनी सांगितलं की ८ मे १९४५, म्हणजे युद्ध संपलं तो दिवस, हा मुक्तीचा दिवस होता. आणि ज्याने डोळे-कान उघडे ठेवले त्याला माणसांनी भरलेल्या गाड्या जात होत्या हे कळल्यावाचून राहणं शक्य नव्हतं. मग नव्वदच्या दशकात, नाझींनी नेलेल्या माणसांच्या घरांसमोर, रस्त्यांवर ते पितळी दगड बसू लागले. मी ते पहिल्यांदा २००४ मध्ये पाहिले, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी बर्लिनला आले होते तेव्हा. पाऊस पडून गेला होता. एका साध्या घराच्या दारासमोर फरसबंदीत तळहाताएवढे तीन पत्रे चमकत होते. ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्माचं वर्ष, कधी नेलं ते वर्ष. आणि शेवटच्या ओळीत ‘एरमोर्डेट’. खून केला. ‘वारली’ असं लिहिता आलं असतं. ‘आउशवित्समध्ये निधन’ असंही लिहिता आलं असतं, आणि कागदोपत्री कितीतरी वर्षं तसं लिहिलं जातही होतं. कोणीतरी बसून ठरवलं की नाही, हाच शब्द. मी त्या ओल्या रस्त्यावर उकिडवी बसले आणि तो शब्द बोटाने गिरवला. खरं सांगते, जर्मन भाषेवरचं माझं प्रेम पक्कं झालं ते तिथे. कोणत्याही कवितेने ते झालं नव्हतं.

म्हणून मला तुमचं आजचं बोलणं सोसत नाही. दुसऱ्या कोणत्या देशाने असं बोललं असतं तर मी सोडून दिलं असतं. कर्त्याचं नाव घेणं म्हणजे काय हे तुमच्याइतकं कष्टाने क्वचितच कोणी शिकलं असेल.

मार्च २००८ मध्ये चॅन्सेलर आंगेला मेर्कल इस्रायलच्या संसदेत जर्मनमध्ये बोलल्या आणि म्हणाल्या की इस्रायलच्या सुरक्षेबद्दलची जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी हा माझ्या देशाच्या ‘श्टाट्सरेझोन’चा भाग आहे. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना मी थकले. राज्याचं प्रयोजन, राज्याचा मूळ हेतू, राज्य ज्याच्यासाठी आहे ते. त्यांच्या तोंडी तो शब्द शोभला, कारण त्यांच्या वाक्यात ‘मी जर्मनीची चॅन्सेलर म्हणून’ असंही होतं. त्या स्वतः त्या शब्दामागे उभ्या होत्या. पुढे मात्र तो शब्द एकटाच फिरू लागला. तो तुमच्या राज्यघटनेत नाही. घटनेच्या २५व्या कलमात जे आहे ते असं की आंतरराष्ट्रीय कायद्याचे सर्वसाधारण नियम हे संघराज्याच्या कायद्याचा भाग आहेत. माझी मुलं नागरिकत्वाच्या परीक्षेला बसतात, त्यात २०२४ पासून इस्रायलबद्दलचे प्रश्न वाढले आहेत. ती मन लावून उत्तरं पाठ करतात. २५वं कलमही ती वाचतात. मग दोन्ही एकत्र कसं वाचायचं ते मला विचारतात.

१२ ऑक्टोबर २०२३ ला चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स संसदेत म्हणाले की या क्षणी जर्मनीची एकच जागा आहे, इस्रायलच्या बाजूला. हल्ल्याला पाच दिवस झाले होते, मृतांची ओळख पटवणं चालू होतं. त्या वाक्याला मी कधीच नाव ठेवणार नाही. ते ‘या क्षणी’ म्हणाले होते. पण दोन आठवड्यांनी, २६ ऑक्टोबरला, ब्रसेल्समध्ये ते म्हणाले की इस्रायल मानवतेच्या तत्त्वांवर चालणारा लोकशाही देश आहे, त्यामुळे त्याचं सैन्य जे करील त्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम पाळील, मला त्यात शंका नाही. हे भविष्यकाळी वाक्य आहे. जे अजून घडायचं होतं त्याला आधीच चांगल्या वर्तणुकीचा दाखला दिला गेला. आणि एकदा दाखला दिला की मग प्रत्येक नव्या बातमीला त्या दाखल्याआड बसवावं लागतं.

तिथून वाक्यांतला कर्ता हलू लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री आनालेना बेअरबॉक संसदेत म्हणाल्या की हमासचे दहशतवादी माणसांच्या आणि शाळांच्या आड लपले तर नागरी ठिकाणंही आपलं संरक्षण गमावू शकतात. कायद्यात याला आधार आहे, हे मला माहीत आहे. रुग्णालयातून कोणी गोळ्या झाडू लागला तर रुग्णालयाचं संरक्षण जाऊ शकतं. तरी आत असलेल्या रुग्णांचं जात नाही आणि किती माणसं मरतील याचा हिशेब हल्ला करणाऱ्याला करावाच लागतो. पण मला त्या वाक्याची रचना पाहून धस्स झालं. गमावते कोण? शाळा. शाळा कर्ता झाली. वर विमानात बसलेला माणूस त्या वाक्यात कुठेच नाही.

‘मदत आत गेली पाहिजे’ हेही तसंच. तुमच्या सरकारने हे किती वेळा म्हटलं असेल त्याची गणती नाही. २ मार्च २०२५ पासून इस्रायलच्या सरकारने गाझात जाणारी सगळी मदत अडवली, धान्य, औषध, इंधन, सगळं. मेच्या १९ तारखेला थोड्या गाड्या सोडल्या. म्हणजे अकरा आठवडे. ऑगस्टमध्ये तज्ज्ञांनी गाझा शहर आणि परिसरात दुष्काळ जाहीर केला. मराठवाड्यातल्या मुलीला दुष्काळ शब्द ऐकला की आभाळ आठवतं. या दुष्काळात आभाळाचा काही संबंध नव्हता. पिठाच्या गाड्या सीमेपलीकडे उभ्या होत्या. मदत आत गेली पाहिजे हे वाक्य चूक नाही, अपुरं आहे. ते पुरं करायला एक ‘ने’ लागतो.

एक दिवस मला विसरता येत नाही. १३ एप्रिल २०२५, ईस्टरच्या आधीचा रविवार. सकाळी युक्रेनमधल्या सुमी शहराच्या मध्यभागी क्षेपणास्त्रं पडली आणि तीसहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पहाटे गाझा शहरातल्या अल-अहली रुग्णालयावर क्षेपणास्त्रं पडली, रुग्णांना अंधारात रस्त्यावर आणून ठेवावं लागलं. हे लिहून मी पुन्हा वाचलं आणि थांबले. ‘पडली’ लिहिलं मी. इतकी सवय लागते. सुमीवर रशियाने क्षेपणास्त्रं डागली. अल-अहलीवर इस्रायलने डागली. मेर्त्ससाहेब, त्या रात्री तुम्ही दूरचित्रवाणीवर होता, चॅन्सेलर व्हायला काही आठवडे राहिले होते. सुमीबद्दल तुम्ही म्हणालात की हा अत्यंत गंभीर युद्धगुन्हा आहे, जाणूनबुजून केलेला. पुतिनच्या सैन्याने काय केलं ते सांगायला तुम्हाला चौकशी अहवालाची वाट पाहावी लागली नाही. अल-अहलीबद्दल इस्रायलच्या सैन्याने सांगितलं की तिथे हमासचं केंद्र होतं. असेल किंवा नसेल. ते तपासता येतं, तपासायला सांगता येतं. पण ‘युद्धगुन्हा’ हा शब्द त्या रविवारी एकाच गावाला मिळाला.

मला कोणी म्हणेल, सुमी आणि गाझा सारखे नाहीत. रशियाने शेजाऱ्यावर आक्रमण केलं, इस्रायलवर आधी हल्ला झाला. हे खरंच आहे. युद्ध कोणी सुरू केलं हा एक प्रश्न आहे आणि त्या युद्धात रुग्णालयावर क्षेपणास्त्र कोणी डागलं हा वेगळा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला ज्या कायद्याने जगाला शिकवलं, त्याचा मोठा भाग तुमच्याच न्युरेनबर्ग शहरातल्या खटल्यांतून आला.

२६ मे २०२५ ला मात्र तुम्ही बर्लिनमध्ये एक वाक्य बोललात. इस्रायलचं सैन्य आता गाझा पट्टीत जे करत आहे, ते कोणत्या उद्देशाने, हे मला खरं सांगायचं तर आता समजत नाही. मी ते वाक्य दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं. कर्ता, क्रियापद, ठिकाण, सगळं जागच्या जागी. पुढे तुम्ही म्हणालात की नागरिकांना ज्या तऱ्हेने झळ बसते आहे त्याचं समर्थन हमासविरुद्धची लढाई म्हणून करता येत नाही. इस्रायलचा एक मित्र इस्रायलबद्दल सरळ बोलला आणि त्यामुळे ना मैत्री तुटली ना जर्मनीचा इतिहास पुसला गेला. माझ्या वर्गातली पोरं खूश झाली, मीही झाले.

मग तीन आठवडे झाले. १७ जूनला कॅनडात, इस्रायल इराणवर हल्ले करत असताना, मुलाखतकाराने वापरलेला एक शब्द तुम्ही आभार मानून उचललात : ‘ड्रेक्सआर्बाइट’. इस्रायल आपल्या सगळ्यांसाठी घाणीचं काम करत आहे, असं म्हणालात.

हा शब्द मला मुलांना मराठीत समजावून सांगावा लागला आणि माझी जीभ अडली. घाणीचं काम म्हणजे काय हे आमच्या समाजाला फार जवळून माहीत आहे. शेकडो वर्षं आम्ही काही जातींना मैला उचलायला लावला, मेलेली जनावरं ओढायला लावली, आणि बाकीच्यांनी स्वतःला शुद्ध म्हणवून घेतलं. १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे झाले, तरी आजही गटारात उतरून माणसं गुदमरतात. म्हणजे आम्हीच त्यांना आत उतरवतो. ‘तो आपल्यासाठी घाणीचं काम करतो’ असं जेव्हा एखादा म्हणतो तेव्हा तो त्या माणसाचा मान करत नसतो. तो आपले हात निर्मळ असल्याचं सांगत असतो. मावशीला तुम्ही त्या दिवशी काय केलंत याचा विचार केलात का? ती जिन्याखाली बसली होती. तुमच्या शब्दाने तिचा देश जगाचा सफाईवाला झाला आणि तेहरानमधली घरात झोपलेली माणसं घाण झाली. वर्गात माझा एक विद्यार्थी आहे, त्याचे आजोबा नगरपालिकेत झाडूवाले होते. तो त्या दिवशी काही बोलला नाही. वही मिटून बसला.

तुम्ही स्वतःलाही वाक्यातून वगळता, हेही सांगायला हवं. २०२३ मध्ये तुमच्या सरकारने इस्रायलला ३२ कोटी ६५ लाख युरोंच्या शस्त्रसामग्रीचे परवाने दिले, आदल्या वर्षाच्या दहापट. त्यातली थेट युद्धास्त्रं थोडी, बाकी सुटे भाग आणि उपकरणं, हे मान्य. पण मेरकावा रणगाड्याचा गिअरबॉक्स आउग्सबुर्गमधून येतो आणि गिअरबॉक्सशिवाय रणगाडा चालत नाही, हे आमच्या आयटीआयच्या पोरालाही कळतं. ‘परवाने दिले गेले’, ‘निर्यात झाली’ असं तुमच्या कागदात असतं. ८ ऑगस्ट २०२५ ला तुम्ही जाहीर केलंत की गाझात वापरता येतील अशा शस्त्रांना पुढची सूचना येईपर्यंत परवानगी देणार नाही. इथे ‘आम्ही’ आलं. नोव्हेंबरमध्ये शस्त्रसंधीचं कारण देऊन ते निर्बंध उठवलेत. शस्त्रसंधीनंतरही गाझात माणसं मारली जात होती.

आणि आफ्रिकेचं एक. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलवर वंशसंहाराचा दावा लावला, आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिली सुनावणी झाली. तुमच्या सरकारने सुनावणी संपते न संपते तोच सांगितलं की या आरोपाला कसलाही आधार नाही. दुसऱ्या दिवशी नामिबियाचे राष्ट्राध्यक्ष हागे गाइनगोब यांनी तुम्हाला १९०४ ते १९०८ ची आठवण करून दिली. तो देश तेव्हा तुमची वसाहत होता. जर्मन सैन्याने हेरेरो लोकांना वाळवंटात हाकलून तहानेने मारलं, उरलेल्यांना आणि नामा लोकांना छावण्यांत मारलं. त्याला वंशसंहार म्हणायला तुम्हाला २०२१ साल उजाडलं, आणि तेव्हाही शब्द होते ‘आजच्या दृष्टिकोनातून’. गाझात जे झालं ते वंशसंहार आहे की नाही हे न्यायालय ठरवील, मी ठरवणार नाही. पण ज्याला स्वतःच्या कृत्याचं नाव घ्यायला शंभरहून जास्त वर्षं लागली, त्याने मित्राच्या कृत्याबद्दल सुनावणी संपताच निकाल द्यायला नको होता.

आमच्या दिल्लीच्या सरकारलाही असंच पत्र लिहिता येईल. मैत्रीपोटी आणि तेलापोटी आम्हीही पुष्कळदा कर्ता गिळला आहे, रशियाबद्दल आणि इस्रायलबद्दलही. २७ ऑक्टोबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत तुम्ही तटस्थ राहिलात, आम्हीही राहिलो. ते पत्र मी इथल्या भाषेत, इथल्या लोकांना लिहीनच. तुम्हाला लिहायचं कारण वर सांगितलं. त्या पितळी दगडांवरचा शब्द तुम्ही निवडलात.

तुमच्या देशात गेलेली माझी मुलं मला रात्री मेसेज करतात. मॅम, ऑफिसमध्ये गाझाचा विषय निघाला, मी गप्प बसलो, बरोबर केलं ना? व्हिसाचं काही होणार नाही ना? त्यातल्या एकीनेही कधी ज्यूंबद्दल वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही. त्यांना बॉम्ब कोणी टाकला एवढंच वाक्य पुरं म्हणायचं असतं, आणि सरकार ते म्हणत नाही म्हणून त्यांना भीती वाटते. तुमच्या रस्त्यांवर, सिनेगॉगसमोर, ज्यूंवर जे हल्ले होतात त्यांची भीती मावशीच्या जर्मनीतल्या नातलगांना वाटते. ती भीती खरी आहे. पण एका सरकारच्या सैन्याबद्दल पुरं वाक्य बोलल्याने ती वाढत नाही. उलट, इस्रायलचं सैन्य म्हणजेच सगळे ज्यू असं कोणी समजू नये, यासाठी तर कर्त्याचं नेमकं नाव हवं.

माझं मागणं फार नाही. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तुमचे प्रवक्ते बर्लिनमध्ये पत्रकारांसमोर निळ्या भिंतीपुढे बसतात. तिथे जेव्हा एखाद्या घराबद्दल, शाळेबद्दल, रांगेत उभ्या असलेल्या माणसांबद्दल विचारलं जाईल, तेव्हा ज्याने केलं त्याचं नाव वाक्यात ठेवा. हमासने केलं असेल तर हमासने. इस्रायलच्या सैन्याने केलं असेल तर इस्रायलच्या सैन्याने. माहिती नसेल तर ‘आमच्याकडे स्वतःची माहिती नाही’ एवढ्यावर पुढचा प्रश्न घेऊ नका. कोणाला विचारलं आणि कधी सांगाल ते सांगा. रशियाने केलं तर ज्या कृत्याला तुम्ही युद्धगुन्हा म्हणाला असता, ते मित्राने केलं तर तोच शब्द तोंडात आणा, निदान तो शब्द लागू होतो का ते विचारलं आहे, असं तरी म्हणा. आणि मेर्त्ससाहेब, तो घाणीच्या कामाचा शब्द परत घ्या. मावशीसाठी, आणि माझ्या त्या वही मिटून बसलेल्या विद्यार्थ्यासाठी.

पुढच्या आठवड्यात बी-वनची नवी बॅच लायडेफॉर्मपर्यंत येईल. फळ्यावर उदाहरण म्हणून मी नेहमी त्या आठवड्याच्या पत्रकार परिषदेतलं एक वाक्य लिहिते आणि मुलांना त्याचं टाटफॉर्म करायला सांगते. यंदा कोणतं वाक्य लिहायचं ते मी शुक्रवारी रात्री ठरवीन.

आपली,
जर्मनची एक शिक्षिका
पुणे